गणपतीची तात्पुरती बदली

चतुर्थीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी साळवी काकूंच्या घरी गणपती बसवला आणि पाऊण तासात त्याला निरोपही देऊन टाकला. हे माझ्या लक्षात आलं संध्याकाळी.

झालं असं की पोथी जुनी होती. काकूंचे यजमान विश्राम साळवी हयात असताना तेच पूजा सांगायचे, आणि तीस वर्षांचं पंचामृत त्या पोथीवर सांडत आलेलं. पानं एकमेकांना धरून बसलेली. मी एक पान उलटलं म्हणून पाच उलटली आणि थेट उत्तरपूजेत पोचलो. उत्तरपूजा म्हणजे शेवटच्या दिवशी देवाला 'आता या' म्हणायची पूजा. ती झाली की चौरंगावर उरते ती नुसती शाडूची मूर्ती. पोथीत लिहिलं होतं, अक्षता वाहाव्या, मूर्ती किंचित हलवावी. मी अक्षता वाहिल्या. मूर्ती किंचित हलवली. मनात म्हटलंसुद्धा, जरा डावीकडे झुकली होती, बरं झालं.

संध्याकाळी आरतीनंतर पोथी कापडात गुंडाळताना पानाच्या डोक्यावरचं नाव वाचलं आणि हात जागच्या जागी थांबला. काकू समईत तेल घालत होत्या. मी पोथी गुंडाळली, फडताळात ठेवली आणि गप्प राहिलो.

मला गुरुजी करण्यात माझ्या आडनावाचा दोष आहे. मी यतीन जोशी, मेहकरचा. आमच्याकडे तीन पिढ्यांपासून किराण्याचं दुकान आहे आणि वडिलांना श्लोकांपेक्षा शेंगदाण्याचे भाव जास्त पाठ आहेत. पण चंदीगडात मराठी मंडळाचे एकुलते एक गुरुजी चतुर्थीला पहाटेपासून बुक असतात, आणि 'जोशी' एवढं बाकीच्यांना पुरतं. मी इंडस्ट्रियल एरियात ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्यावर पिवळ्या मार्करने फुली मारतो. स्वतःच्या चुकीवर फुली मारायची वेळ फारशी येत नाही.

राहतो काकूंकडे, मनीमाजऱ्यात, मागच्या खोलीत. घर एकमजली, गल्लीच्या पार टोकाला, उताराच्या बाजूला. घरामागे दोनशे पावलांवर नाला आहे. इथे त्याला चो म्हणतात. एरवी त्यात म्हशी डुंबण्याइतकंही पाणी नसतं. सुखना तलाव भरला आणि त्याचे दरवाजे उघडले की ते सगळं पाणी याच चोमधून खाली जातं. घर स्वस्तात का मिळालं, हे विश्रामकाकांना पहिल्याच पावसात कळलं होतं म्हणे.

साळवी कुटुंब राजापूरकडचं. विश्रामकाका हवाई दलात विमानांची इंजिनं दुरुस्त करायचे. तीन वर्षांच्या बदलीवर चंदीगडला आले. रत्नप्रभाकाकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, त्यांनीही इकडे बदली मागून घेतली. तीन वर्षांची पस्तीस झाली. काका सहा वर्षांपूर्वी गेले. काकू आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत, आणि कोणी विचारलं तर अजूनही सांगतात, "आम्ही इथे बदलीवर आहोत."

टेलिफोन खात्यातून त्या निवृत्त झाल्या, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. जुना ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलणार, "वाढवू का?" काकूंचं प्रत्येक बोलणं तीन मिनिटांचं असतं. दूधवाला असो, मंडळाचे अध्यक्ष असोत, तीन मिनिटं झाली की काकू आत. घड्याळाकडे न बघता. मी एकदा गुपचूप मोबाइलवर मोजलं. दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

दुसरी गोष्ट म्हणजे रिलीव्हर. पुढच्या पाळीची बाई येऊन शेजारी बसल्याशिवाय, तिच्या कानाला हेडफोन लागल्याशिवाय ऑपरेटरने खुर्ची सोडायची नाही. त्र्याण्णवच्या पुरात एका लहानशा एक्स्चेंजमध्ये काकू सव्वीस तास कॉर्ड लावून कॉल जोडायच्या बोर्डावर बसून होत्या, कारण रिलीव्हर पोचलीच नाही. ही गोष्ट मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी सांगतं. काकू तेवढ्यात चहा बघायला उठतात.

गणपतीच्या नवव्या दिवशी पाऊस तिसऱ्या दिवसात शिरला. सकाळी साडेआठला मी डबा घेऊन निघणार, तर गल्लीच्या तोंडाशी भोंगा लावलेली गाडी आली. तलावाचे दरवाजे उघडले जात आहेत, चोच्या काठच्या लोकांनी उंच जागी जावं, असं हिंदीत तीनदा सांगून ती पुढे गेली. मी बूट काढले आणि कंपनीत फोन करून रजा टाकली.

काकू चंदन उगाळत बसल्या होत्या.

"काकू, ऐकलंत ना?"

"बहिरी नाहीये अजून. फुलं निवड."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात चंदनाचे, म्हणून मी स्पीकरवर लावला. मोहालीहून ओजस्विनीताई. काकूंची एकुलती एक मुलगी, एका सोसायटीत आठव्या मजल्यावर राहते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

"ममा, न्यूज़ देखी? गेट खुल रहे हैं. मैं कैब भेज रही हूँ."

"घरात गणपती बसलाय, ओजू."

"यतीन देख लेगा ना."

"यतीनचं जेवण मी बघते. तो काय बघणार."

"ममा, प्लीज़. पानी अंदर आ गया तो? बस आठ-दस दिन की बात है. फिर आराम से आ जाना."

आठ-दस दिवस म्हटल्यावर काकूंचा चंदनावरचा हात थांबला.

"ओजू, तीन मिनिटं झाली," काकू म्हणाल्या आणि मला मानेने खूण केली. मी फोन बंद केला. तीन मिनिटं झालेली नव्हती. दीडच झालं होतं.

आठ-दस दिवस या शब्दांचा इतिहास मला माहीत होता. गेल्या जानेवारीत काकू मोरीत घसरल्या. पाय मुरगळला, मोडला नव्हता. ताई येऊन 'आठ दिवसांसाठी' घेऊन गेली. त्याचे एकाहत्तर दिवस झाले. ताई वाईट आहे असं मुळीच नाही. तिने आईसाठी खोली रंगवून घेतली, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, पलंगाशेजारी घंटी लावली. आणि मधल्या काळात एका दलालाला घर दाखवून गेली. नुसतं विचारायला, असं ती म्हणाली. मीच दार उघडलं होतं, म्हणून मला माहीत. काकू परत आल्या तेव्हा त्या दारात उभ्या राहून घराकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "एकाहत्तर. माझ्या वयाइतके दिवस काढले मी तिथे. आता परत गेले तर पाहुणी म्हणून नाही जाणार, सामान म्हणून जाईन."

त्यामुळे प्रश्न पाण्याचा होताच, पण नुसता पाण्याचा नव्हता. या दारातून एकदा बाहेर पडलं की परत आत यायला मिळेल का, हा होता. आणि त्यावर गणपती बसलेला. बसलेला गणपती सोडून घराला कुलूप लावायचं, हे कोकणातल्या माणसाला सांगून तर बघा.

पूजा आटोपून काकू बाहेर आल्या. घराला गल्लीतून चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी पाण्यात गेली होती. पाणी चहाच्या रंगाचं, आणि कुठे जायचं ते ठरवून आल्यासारखं सरळ चाललेलं.

"तुझा तो पिवळा मार्कर आण," काकू म्हणाल्या.

मी आणला. त्यांनी पायरीच्या बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या बरोबर वर एक रेघ मारली. मग आत जाऊन वाती वळत बसल्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या, दुसरी रेघ मारली आणि दोन्हींमधलं अंतर बोटांनी मोजलं.

"दोन बोटं. मोठं काही नाही."

"दर अर्ध्या तासाला दोन बोटं, काकू."

"मला भागाकार येतो."

समोरच्या घरातली गुरमेल कौर तिच्या शिलाई मशीनला प्लास्टिकमध्ये गुंडाळत होती. नवरा स्कूटर ढकलत गल्लीबाहेर नेत होता. गुरमेल काकूंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण दोघींचं बोलणं सासू-सुनेसारखं, म्हणजे कोण सासू ते रोज बदलणारं.

"भैणजी, चलो. मेरे भाई दे घर पंचकुला. दो मंजिला है."

"तू जा. माझा पाहुणा बसलाय घरात," काकू मराठीत म्हणाल्या. गुरमेलला बाकी मराठी येत नाही, काकूंची येते.

"तुहाडा बप्पा तां मिट्टी दा है," गुरमेल म्हणाली, "पाणी च खुर जाऊगा." म्हणजे विरघळून जाईल. मग माझ्याकडे वळून हिंदीत, "और ये लड़का कागज़ का है. इसे भी संभालना."

जाताना तिने नातवाला आंघोळ घालायचा मोठा निळा टब आमच्या ओट्यावर ठेवला. म्हणाली, सामान भरायला लागेल. आणि चिखलात सलवार वर धरून निघून गेली. गल्लीत आता आमच्याच घरात दिवा होता. साडेदहाला तोही गेला. वीज बंद केली होती.

मी विचार केला, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. आणि विचार करता करता मला दिसलं की काकूंना बांधून ठेवणारी गाठ माझ्याकडून पहिल्याच दिवशी सुटलेली आहे. देव तर कधीच गेलेला. मग अडचण काय? माझ्या आयुष्यातली ही पहिली चूक असेल जी उपयोगाला येणार होती.

काकू अंधुक स्वयंपाकघरात नैवेद्याचा वरणभात करत होत्या. गॅसच्या ज्योतीचा उजेड त्यांच्या चश्म्यावर.

"काकू, एक सांगायचंय. रागावू नका."

"वरण लागेल, पटकन सांग."

"गणपती गेलेत."

"कुठे?"

"म्हणजे चतुर्थीलाच गेले. पानं चिकटली होती. मी उत्तरपूजा करून टाकली. मूर्ती पण हलवली. तेव्हा आता घर सोडायला तशी हरकत..."

काकूंनी वरणात डाव फिरवला. गॅस बारीक केला.

"बारा वाजायला पंधरा मिनिटं होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू त्याला वाटेला लावलंस तेव्हा. तीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसून ऐकलंय मी. कुठल्या मंत्राला उठायचं आणि कुठल्या मंत्राला डोळे पुसायचे, मला समजत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"घामाघूम झाला होतास. मंडळाची चार माणसं समोर बसलेली. त्यांच्यापुढे तुझी काय शोभा करायची." त्यांनी भाताचं झाकण उचलून पाहिलं. "संध्याकाळी आरतीनंतर तू आंघोळीला गेलास, तेव्हा मी त्याच्याशी बोलले. म्हटलं, पोरगं नवीन ऑपरेटर आहे, चुकून भलतीच कॉर्ड ओढली. कॉल तुटला. पुन्हा जोडून देते, लाइनवर थांब."

"आणि?"

"आणि काय. थांबला."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. माझा एवढा मोठा कबुलीजबाब वरणाला उकळी फुटायच्या आत संपला होता.

"तू मात्र एकवीस वेळा अथर्वशीर्ष म्हणायचंस," काकू म्हणाल्या. "त्याच्यासमोर. मोठ्याने. चुकेल ते धरायचं नाही."

"आत्ता?"

"आत्ता केळीचं पान पूस."

पान पुसता पुसता मला राग आला. स्वतःचाच, पण तोंडातून निघाला तो काकूंवर. "म्हणजे पाणी आत आलं तरी तुम्ही बसणार. त्र्याण्णवला बसलात तशा. बरोबर आहे. मंडळाला पुढच्या वर्षी सांगायला नवी गोष्ट मिळेल."

काकूंनी पान वाढलं, समईजवळ नेलं, नैवेद्य दाखवला. पाणी फिरवून झाल्यावर तिथेच पाटावर बसल्या आणि पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "त्या सव्वीस तासांतले शेवटचे सात तास बोर्ड मेलेला होता."

"म्हणजे?"

"खाली बॅटरीच्या खोलीत पाणी गेलं. सगळे दिवे विझले. कॉर्ड कुठेही लाव, काही नाही. एक आवाज नाही. वॉचमन दोनदा येऊन सांगून गेला, मॅडम निकलिये, अभी रास्ता है. मी म्हटलं, रिलीव्हर आली नाही. सात तास मी मेलेल्या बोर्डासमोर हेडफोन लावून बसले. इकडे ओजू आठ वर्षांची, घरी ताप आलेला, आणि हे ड्यूटीवर." चष्मा डोळ्यांवर चढवला. "लोक म्हणतात शूर. पहिले एकोणीस तास ड्यूटी होती. मी कितीतरी लोकांना घरच्यांशी जोडून दिलं. नंतरचे सात तास नुसता हट्ट. कोणाच्याच उपयोगाचा नाही. म्हणून मी चहा बघायला उठते."

बाहेर पाण्याचा आवाज बदलला होता. आधी सळसळत होतं, आता कशावर तरी हलके थापट्या मारल्यासारखं. दुसऱ्या पायरीला लागलं होतं.

काकू उठल्या. मार्कर घेऊन बाहेर गेल्या आणि तिसऱ्या पायरीच्या कडेवर जाड, मोठी रेघ मारली. मी रिजेक्ट मालावर मारतो तशी.

"पाणी इथे लागेपर्यंत लाइन चालू आहे. इथे लागलं की बोर्ड मेला. मग एक मिनिट बसायचं नाही. आणि त्याच्या आधी एक मिनिट उठायचं नाही. ठरलं."

"ठरलं. आणि जायचं कुठे? ताईला फोन लावू?"

"मोहालीला नाही."

"मग गुरमेल आंटींच्या भावाकडे?"

"त्यांचीच माणसं दहा असतील. तुझी ती कंपनी किती मजली आहे?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"बघतोस काय. दोन मजली आहे ना? तूच सांगितलं होतंस, वर जुन्या कागदांची खोली रिकामी असते म्हणून. फोन लाव तुझ्या मालकाला."

मालक अशोकजी. लावला. मी पहिल्या वाक्यात अडखळलो, तेव्हा काकूंनी फोन ओढून घेतला आणि ऑपरेटरच्या आवाजात, जो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, अगदी नितळ आणि कोणालाही नाही म्हणू न देणारा, म्हणाल्या, "अशोकजी, नमस्कार. मैं यतीन की काकू. दो आदमी और एक गणपती के लिए ऊपर का कमरा चाहिए. परसों तक."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काकू म्हणाल्या, "नहीं, खाना हम बना लेंगे," आणि फोन परत दिला.

पुढचा सव्वा तास त्यांनी जसा वापरला, तसा मी माझा अख्खा आठवडा वापरत नाही. कागदपत्रं, औषधं, विश्रामकाकांचा फोटो आणि पोथी एका पिशवीत. गाद्या माळ्यावर. तांदळाचा डबा फ्रिजवर, फ्रिज विटांवर. विटा मी आणल्या, पण कुठून आणायच्या ते त्यांना माहीत होतं. मधूनमधून त्या रेघ बघून यायच्या. मी घाई केली की म्हणायच्या, "अजून लाइन चालू आहे."

पाऊण वाजता पाणी रेघेला लागलं.

काकू चौरंगासमोर उभ्या राहिल्या. हात जोडले. मला वाटलं काहीतरी मंत्र म्हणतील.

"हे विसर्जन नाही," त्या गणपतीला म्हणाल्या. "बदली आहे. तात्पुरती, दोन दिवसांची. ह्यांच्या नोकरीत कितीदा झाली, तुला ठाऊक आहे. बदलीच्या ठिकाणी गैरसोय असते, चालवून घे. प्रवासभत्ता मिळणार नाही."

मग कंदिलाची वात त्यांनी समईच्या ज्योतीवरून पेटवली, काच खाली केली आणि समई विझवली. मला म्हणाल्या, "ज्योत तीच आहे. नुसता नंबर बदलला."

टबात आधी उशी ठेवली, त्यावर पाट, त्यावर गणपती. मूर्ती हातभर उंच, पण शाडूची, म्हणजे जड. पाणी गल्लीत माझ्या गुडघ्याच्या वर. टब पाण्यावर ठेवला तर तो तरंगला आणि लगेच उताराच्या दिशेने, म्हणजे चोच्या दिशेने, जायला निघाला. मी दोन्ही हातांनी धरला. माझ्या डोक्यात एकच विचार होता, की टब कलंडला तर याच गणपतीला मी आठ दिवसांत दुसऱ्यांदा निरोप दिलेला असेल, आणि या वेळी पुन्हा जोडायला लाइनही उरणार नाही.

काकूंनी दाराला कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात छत्री, आणि छत्री गणपतीवर. स्वतः पूर्ण भिजत होत्या.

"काकू, तुमच्यावर धरा थोडी."

"मी शाडूची नाहीये. डावीकडे घे, तिथे गटाराचं झाकण उघडं असतं."

दुपारी एक वाजता कंदील घेऊन चाललेली बाई आणि टबात बसलेला गणपती बघून मुख्य रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने हात जोडले. मग विचारलं, "माताजी, आज ही विसर्जन?"

"ट्रान्सफर," काकू म्हणाल्या. "फेज़ टू, इंडस्ट्रियल एरिया चलो."

कंपनीत गियरच्या खोक्यांवर चादर घालून आम्ही गणपती बसवला. कंदिलावरून निरांजन पेटलं. जेवणाच्या सुट्टीत खालचे कामगार वर आले, बाहेर बूट काढून रांगेत उभे राहिले. संध्याकाळी आरतीला टाळ नव्हते, तर एकाने दोन पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या जाड कड्या, एकमेकांवर वाजवायला घेतले. त्यांचा आवाज आमच्या मंडळाच्या टाळांपेक्षा बरा होता, हे मी मंडळात सांगणार नाही.

आरतीनंतर ताईचा फोन आला. ती रडत होती. दुपारभर आमचे फोन कोणी उचलत नव्हतं. टबाच्या भानगडीत दोन्ही फोन पिशवीच्या तळाशी होते.

"ममा, तुम फैक्टरी में हो? मेरा घर होते हुए?"

"तुझ्या घरी आले असते तर तू परत जाऊ दिलं असतंस?"

ताई गप्प झाली. काकू पण. मी खोक्यावर बसून बघत होतो. तीन मिनिटं होत आली. झाली. काकूंनी घड्याळाकडे न बघता एकदा मान वर केली, नेहमीसारखी, आणि पुन्हा खाली घातली.

"बोल," त्या म्हणाल्या. "वाढवलाय कॉल."

त्या दिवशी मी मोजलं नाही. पण खालची संध्याकाळची पाळी चहाला जाऊन परत आली, तेव्हाही बोलणं चालू होतं.

तिसऱ्या दिवशी, अनंत चतुर्दशीच्या सकाळी, गल्लीतलं पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो. ताई आमच्या आधी येऊन ओट्यावर बसली होती. काकूंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. घरभर गुळगुळीत, बारीक गाळ. भिंतीवर पाण्याची रेघ आपोआप उमटलेली, माझ्या मार्करपेक्षा सरळ. चौरंग उलटा होऊन स्वयंपाकघराच्या दारात पडला होता. ताईने चौरंग पूर्वीच्या जागी ठेवला आणि भिंतीवरची रेघ त्याच्यापेक्षा किती वर आहे ते हाताने मोजलं. वीतभर. बसून राहिलो असतो तर गणपती गेलाच असता.

मला वाटलं आता ताई म्हणेल, देखा ममा. तिने ओढणी कमरेला बांधली, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि गाळ दाराकडे ओढायला लागली. अर्ध्या तासाने, पाठमोरीच, मराठीत म्हणाली, "उंबरा वाढवून घेऊ या आई. हातभर तरी. आणि चारच्या सहा पायऱ्या करू."

काकू फडकं पिळत होत्या. "दांडी पण लाव मग," त्या म्हणाल्या. "पायऱ्यांना. तुझ्या बाथरूममध्ये आहे तशी."

दुपारी धुतलेल्या चौरंगावर गणपती परत बसला आणि मी दुसऱ्यांदा उत्तरपूजा केली. या वेळी पानं आधी सुटी करून, एकेक वाचून. काकूंनी जिथे डोळे पुसायचे तिथे पुसले. विसर्जन ओट्यावरच, गुरमेलच्या निळ्या टबात. ती टब न्यायला आली होती, आत गणपती बघून तशीच ओढणी डोक्यावर घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आखिर खुर ही गया." आणि काकूंनी दिलेला मोदक खाल्ला.

दिवाळीत मिस्त्री आले. पायऱ्या आता सहा आहेत, दांडीही लागली. काकू ती धरत नाहीत, पण ताई आली की धरतात.

माझी अथर्वशीर्षाची एकवीसपैकी सतरा आवर्तनं झालीत. गणपती नाही म्हणून विश्रामकाकांच्या फोटोसमोर बसायचं, असं ठरलं. काकू शेजारी वाती वळत ऐकतात, आणि मी जिथे अडखळतो ते आवर्तन धरत नाहीत. काल अठरावं होतं. शेवटच्या ओळीला आलो होतो आणि कंपनीतून फोन वाजला.

"तुटला," काकू वरही न बघता म्हणाल्या. "चार राहिली."

सतराच धरायची.